समितीत बाई मी एकटीच, यादी करायला मदत हवी

पेट्रीडिश | मंगळवार, रात्री ११.१०

मंडळी,

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते. कुठली ते विचारू नका. इथल्या काहींना कळेलच, त्यांनीही गप्प बसावं. आमच्याकडे नुकतीच ‘महिला संशोधकांना कामाच्या ठिकाणी साहाय्य’ अशा भारदस्त नावाची समिती बसली आहे. पाच जण, त्यात बाई मी एकटी. पहिल्या बैठकीत चहा येईपर्यंत सगळे गप्प. चहा आल्यावर अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, यादी तुम्हीच करा ना, तुम्हाला जास्त कळतं.” घ्या. बायकांच्या अडचणींवरचं कामही बाईच्याच गळ्यात. पंधरा दिवसांची मुदत आहे.

आजवर आमच्याकडे ‘साहाय्य’ म्हणजे ८ मार्चला गुलाबाचं फूल, रांगोळी स्पर्धा आणि ‘स्त्रियांचा आहार’ यावर एका डॉक्टरबाईंचं भाषण. एका वर्षी हिमोग्लोबिन तपासून दिलं होतं, तेवढं एक उपयोगी पडलं.

‘पोषक वातावरण निर्माण करावे’, ‘संवेदनशीलता जोपासावी’ असली वाक्यं मी झोपेतही लिहू शकते. ती नकोत. कुठल्या एका सोयीमुळे तुमचं काम तगलं, किंवा कशाच्या अभावी सुटलं, ते सांगा. पाळणाघर यादीत पहिलं लिहून ठेवलं आहे. पुढचं बोला.

टिंबटिंब | मंगळवार, रात्री ११.३२

वाचतेय. +१

सदाशिव_पेठी | बुधवार, सकाळी ७.०५

धागा चांगला आहे. एक प्रामाणिक शंका, हलके घ्या. बायकांना प्राध्यापकी-संशोधनाइतकी सोयीची नोकरी दुसरी कुठली? बँकेत बघा, आयटीत बघा. इथे वेळ आपल्या हातात, सुट्ट्या भरपूर, वर पगारी बाळंतपण. माझी बहीण कॉलेजात शिकवते, दुपारी अडीचला घरी असते. एवढं असूनही मुली पीएच.डी. करून सोडून देतात, ते बहुतेक लग्न आणि घर यामुळेच. त्याला संस्था काय करणार?

पेट्रीडिश | बुधवार, सकाळी ८.४०

सदाशिवराव, वेळ माझ्या हातात नसतो, जिवाणूंच्या हातात असतो. वाढीचा आलेख काढायचा तर दर दोन तासांनी नमुना घ्यावा लागतो. रात्री आठला सुरुवात केली की दहा, बारा, दोन, चार. माझ्या पीएच.डी.च्या काळात मुलींच्या वसतिगृहाचं फाटक रात्री दहाला बंद व्हायचं, मुलांचं उघडंच. आम्ही दोघी प्रयोगशाळेतच बाक जोडून झोपायचो. बारा आणि दोनचे नमुने मी घ्यायचे, चारचा तिने. त्यालाही गाइडच्या सहीची चिठ्ठी लागायची. दिल्लीत २०१५ साली मुलींनी वसतिगृहाच्या वेळांविरुद्ध ‘पिंजरा तोड’ सुरू केलं, तोवर आमच्याकडे कुणी हा प्रश्न मोठ्याने विचारलासुद्धा नव्हता.

लग्नामुळे सोडतात, हे सगळेच म्हणतात. दिवंगत भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले आपल्या पुण्याच्याच. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास विज्ञानात पीएच.डी. केलेल्या शेकडो बायकांची पाहणी केली होती. संशोधनाबाहेर गेलेल्यांनी कारण म्हणून घराच्या आधी ‘हवी तशी नोकरीच मिळाली नाही’ हे सांगितलं. २०१८ च्या सरकारी आकड्यांत देशभर प्रत्यक्ष संशोधन-विकासाच्या कामात बायका १६.६ टक्के होत्या, आणि त्याच सुमारास पीएच.डी.ला नाव घातलेल्यांत ४० टक्क्यांच्या वर. मधल्या सगळ्या जणी मंडपात गेल्या की काय?

रानजाई | बुधवार, सकाळी १०.१५

मंडपातून एक मी. भूगर्भशास्त्र. दख्खनच्या बेसाल्टच्या थरांवर काम, म्हणजे घाटमाथ्यापासून कोकणापर्यंत पायपीट.

तुमच्या यादीतल्या बहुतेक सोयी इमारतीच्या आतल्या असणार. आमचं कामाचं ठिकाण म्हणजे रस्त्यासाठी फोडलेली दरड. डोंगरात आडोसा तरी सापडतो, खाणीत तोही नाही. पहिली दोन वर्षं मी फील्डच्या दिवशी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. मूतखडा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “पाणी कमी पिता का?” काय सांगणार?

दुसरं म्हणजे परवानगी. विभागात मुलगा म्हणाला, “उद्या फील्डला जातोय,” तर उत्तर ‘बरं’. मी म्हटलं की, “सोबत कोण आहे?” सोबतीला कुणाला नेलं तर त्याचा प्रवासखर्च मंजूर होत नाही, कारण ती व्यक्ती प्रकल्पात नाही. म्हणजे एकटीने जायचं नाही आणि दुकटीचे पैसे नाहीत. दोन हंगाम माझा धाकटा भाऊ स्वतःच्या खर्चाने हातोडा घेऊन मागे हिंडला. कॉमर्सचा मुलगा, आता त्याला झिओलाइट नावाचं खनिज ओळखता येतं.

नंतर नवे विभागप्रमुख आले. त्यांनी नियमच बदलला. फील्डला कुणीही, मुलगा असो की मुलगी, एकटं जायचं नाही, आणि दुसऱ्या माणसाचा खर्च प्रकल्पात आधीच धरायचा. त्या पैशातून मी गावातलीच एखादी ताई रोजंदारीवर घ्यायचे. वाट तिला ठाऊक, लोक तिला ओळखतात, पाणी-संडासाची सोय तिच्या घरी. चार वर्षांत मला मिळालेली सगळ्यात मोठी मदत हीच. ‘महिलांसाठी’ असं त्या नियमात कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे मुलंही कुरकुरली नाहीत, उलट खूष झाली. सर्पदंशाची भीती त्यांनाही असतेच की.

टिंबटिंब | बुधवार, सकाळी १०.२२

भाऊ आणि झिओलाइट 😄

गाजर_हलवा | बुधवार, दुपारी २.५०

नवीन आयडी काढून लिहितेय, समजून घ्या. पीएच.डी.चं चौथं वर्ष, सहावा महिना.

माझं काम आरएनएवर. म्हणजे रोज फिनॉल, क्लोरोफॉर्म, आणि आमच्या लॅबमध्ये जेल रंगवायला अजून इथिडियम ब्रोमाइडच वापरतात. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. आणि जपायचे असतात ते नेमके तेच महिने. शेवटी बाजूच्या बाकावरच्या मुलाला सांगितलं. तेव्हापासून तो माझी जेलं चालवतो आणि मी त्याची संगणकावरची कामं करते. सख्ख्या जावेच्या आधी ही बातमी त्याला कळली.

गाइडना चौथ्या महिन्यात सांगितलं. अभिनंदन केलं, पेढे मागितले आणि दुसऱ्याच वाक्याला, “मग रिव्हिजनचं काय करायचं?” माणूस वाईट नाही हो. पण ‘आता तू हे रसायन हाताळायचं नाहीस’ हे त्यांनी म्हणावं की मी विचारावं, ते दोघांनाही कळेना. रजेचं विचारायला ऑफिसात गेले, तिथे तिघांनी तीन उत्तरं दिली. एक म्हणाले, फेलोशिप थांबेल. दुसरे म्हणाले, तुम्ही कर्मचारी नाही, तुम्हाला रजा कसली. तिसऱ्या मॅडम म्हणाल्या, “गाइड हो म्हणत असतील तर बघा, कशाला कागदावर आणता.”

तर पेट्रीडिशताई, माझी मागणी साधी आहे. एकच उत्तर द्या.

निवृत्त_कारकून | बुधवार, रात्री ८.१५

गाजरताई, आधी अभिनंदन. मी ३१ वर्षं एका विद्यापीठाच्या कचेरीत काढली, शेवटची नऊ पीएच.डी. विभागात. त्या तीन उत्तरांतलं एकही बरोबर नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएच.डी.चे नियम काढा. महिला संशोधकाला पूर्ण पीएच.डी.च्या काळात मिळून २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा देता येते. २०१६ च्या नियमांतही होती. पीएच.डी.ची मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि महिलांना त्यावर दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. आणखी एक कलम आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. लग्नामुळे किंवा इतर कारणाने बाईला गाव बदलावं लागलं, तर संशोधनाची सामग्री घेऊन नव्या विद्यापीठात जाता येतं, अर्थात बाकीच्या अटी पाळून. माझ्या नऊ वर्षांत हे कलम दाखवून अर्ज केलेल्या मुली तीन. सोडून गेलेल्या किती, ते मोजायचं कुणाचं काम नव्हतं, म्हणून मोजलं नाही.

केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या फेलोशिप असतील तर बाळंतपणाच्या रजेत फेलोशिप चालू राहते, तसं त्यांच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. तुमची फेलोशिप कुणाची आहे, त्या पत्राची प्रत आधी हातात घ्या.

प्रकल्पावर कंत्राटी असणाऱ्यांसाठी: २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यातली बाळंतपणाची पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलेलं हवं. आणि “मॅडम, कंत्राट ३१ मार्चला संपतं, रजाही तिथेच संपली” असं कुणी सांगितलं, तर ऑगस्ट २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरबाईंचा खटला होता. कंत्राट मध्येच संपलं तरी बाळंतपणाचे लाभ पूर्ण द्यायचे, असं न्यायालयाने सांगितलं.

मग तिघं तीन उत्तरं का देतात? एक तर माहिती नसते. दुसरं म्हणजे फेलो कचेरीच्या कुठल्याच कप्प्यात बसत नाही. हजेरी आस्थापना विभागाकडे, पैसे वित्त विभागाकडे, नोंदणी पीएच.डी. विभागाकडे. रजेचा अर्ज आला की तिन्ही टेबलांना तो दुसऱ्याचा वाटतो.

धागाकर्तीला एक फुकटचा सल्ला. यादीत दहा मागण्या करण्यापेक्षा संस्थेच्या सध्याच्या नियमावलीत ‘मार्गदर्शकाच्या संमतीने’ हे शब्द कुठे कुठे आहेत ते शोधा. तिथे ‘मार्गदर्शकास कळवून’ असं करून घ्या. आमच्या धंद्यात सगळी सत्ता अशा एका शब्दात बसलेली असते.

पेट्रीडिश | बुधवार, रात्री ८.५०

काका, हे सोनं आहे. उद्याच नियमावली काढते.

गाजर_हलवा | बुधवार, रात्री ९.३०

काका 🙏 फेलोशिपचं पत्र शोधलं, रजेचं कलम आहे. तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात.

लातूरची_लेक | गुरुवार, सकाळी ६.२०

पाळणाघर, फील्ड, रजा. वाचून बरं वाटलं, थोडी गंमतही वाटली. ताई, तुमच्या यादीत आम्ही कुठे आहोत?

मी सीएचबीवर आहे. शहरातल्यांना माहीत नसेल तर सांगते, तासिका तत्त्व. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, परीक्षेचे दिवस, सगळे बिनपगारी. नेमणूक दर वर्षी नव्याने, मुलाखत दर वर्षी नव्याने, आणि मानधन कधी सहा महिन्यांनी एकत्र. सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झाली आहे, पीएच.डी. चालू आहे. माझ्या आधी इथे जी होती तिचं बाळंतपण ऑगस्टात आलं. रजेचा प्रश्नच आला नाही. तिच्या तासांवर मला घेतलं. ती आणि मी एकाच वर्गात शिकलो आहोत. आता भेटली की दोघींनाही काय बोलावं ते सुचत नाही.

माझा विषय हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या बायका. पुढाऱ्यांच्या नव्हे. भाकऱ्या पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, सरहद्दीवरच्या शिबिरांत राहिलेल्या. ज्या हयात आहेत त्या नव्वदीच्या पुढच्या. हे काम थांबवून ठेवता येत नाही. मागच्या पावसाळ्यात मुलाखत ठरवली होती ती आजी दिवाळीपर्यंत राहिली नाही. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी जाते. खर्च माझा.

मला संशोधनासाठी सरकारकडून थेट पोचलेली मदत कुठली म्हणाल, तर २०२३ पासून एसटीला बायकांना अर्धं तिकीट झालं ते. गंमत नाही करत. आधी महिन्याला दोन गावं व्हायची, आता चार होतात. प्रबंधात ऋणनिर्देशात महामंडळाचं नाव घालणार आहे.

सदाशिव_पेठी | गुरुवार, सकाळी ७.१५

लातूरताई, हे मला खरंच माहीत नव्हतं. माझी बहीण अनुदानित पदावर कायम आहे, त्यामुळे माझं चित्र तेवढंच होतं. पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेतो.

टिंबटिंब | गुरुवार, सकाळी ७.४०

अर्धाच का?

सदाशिव_पेठी | गुरुवार, सकाळी ७.४४

उरलेला अर्धा बहिणीला विचारून सांगतो.

ऱ्हाइनकाठ | गुरुवार, दुपारी १.३०

जर्मनीहून. इथे सगळं आलबेल आहे असं नाही, आधीच सांगते.

गाजर, तुझा प्रसंग माझ्यावर इथे आला. मी सांगितल्यावर आठवड्याच्या आत सुरक्षा अधिकारी यादी घेऊन आली. कुठली रसायनं, कुठली यंत्रं, किती वेळ उभं राहणं, एकेकावर खूण. धोक्याची कामं माझ्याकडून काढून घेणं ही नोकरी देणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी. प्रसूतीआधी सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे संरक्षण. २०१८ पासून हा कायदा विद्यार्थिनींनाही लागू आहे. त्यामुळे ‘तू कर्मचारी की विद्यार्थिनी’ हा घोळ बराच मिटला. मला मात्र तेव्हा राग आला होता. प्रयोग अर्ध्यात होता आणि मला एकदम संगणकासमोर बसवलं. एका तांत्रिक साहाय्यकाने माझे उरलेले प्रयोग केले म्हणून निभावलं. ही दुसरी बाजूही यादीत लिहा. नुसतं ‘हात लावू नको’ म्हणून भागत नाही, तो हात दुसऱ्या कुणाचा तरी द्यावा लागतो. नाहीतर मुली पुन्हा लपवायलाच लागतील.

इथे संशोधकांच्या तात्पुरत्या कंत्राटांना वर्षांची कमाल मर्यादा आहे, पीएच.डी.आधी सहा, नंतर सहा. मूल असेल तर दर मुलामागे दोन वर्षं ती मर्यादा वाढते. ऐकायला छान वाटतं. पण वाढते ती मर्यादा, कंत्राट नव्हे. कंत्राट वाढवायचं की नाही हे पुन्हा प्राध्यापकाच्या मर्जीवर. कारकूनकाकांचा ‘संमतीने’ इथेही भेटतो, जर्मन भाषेत.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. नोबेल मिळालेल्या क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांनी २००४ साली एक प्रतिष्ठान काढलं. लहान मुलं असलेल्या तरुण संशोधक बायकांना ते पैसे देतं. रसायनांसाठी नाही, परिषदांसाठी नाही. घरकामाला माणूस ठेवायला आणि मूल सांभाळायला. भांडी-धुणं कुणीतरी करावं, बाईने प्रयोगशाळेत जावं, इतका सरळ हिशोब. आपल्याकडे एखाद्या अनुदानाच्या अर्जात ‘पोळ्यांच्या मावशींचा पगार’ असं लिहिलं तर समीक्षक काय म्हणतील, कल्पना करून पाहा.

रानजाई | गुरुवार, दुपारी २.०५

‘आकस्मिक खर्च’ या शीर्षाखाली टाकायचं. आमच्याकडे गाढवाचं भाडंही त्यातच बसवलं होतं.

बॉस्टनबोरकर | गुरुवार, संध्याकाळी ७.२०

अमेरिकेतला अनुभव, थोडा उलटा. इथे बऱ्याच विद्यापीठांत मूल झालं की कायम होण्याची मुदत एक वर्षाने पुढे जाते, आईलाही आणि बापालाही. समान न्याय. मग २०१८ मध्ये तीन अर्थतज्ज्ञ बायकांनी नामांकित अर्थशास्त्र विभागांची आकडेवारी तपासली. या सवलतीनंतर पुरुष कायम होण्याचं प्रमाण वाढलं आणि बायकांचं घटलं. बायकांचं ते वर्ष बाळात गेलं आणि बऱ्याच बाप्यांचं जास्तीच्या पेपरांत. मी स्वतः तसं वर्ष घेतलं आहे, त्यामुळे शपथेवर सांगतो, माझेही दोन पेपर झाले. बायकोने अजून माफ केलेलं नाही.

पेट्रीडिश, यादीआधी एक काम करा, टेप घेऊन प्रयोगशाळा मोजा. इथल्या एमआयटी विद्यापीठात नॅन्सी हॉपकिन्स नावाच्या जीवशास्त्रज्ञ बाईंनी जास्त जागा मागितली. मिळेना, तेव्हा त्यांनी टेप घेऊन पुरुष सहकाऱ्यांच्या आणि बायकांच्या प्रयोगशाळा मोजल्या. बायकांच्या खोल्या लहान निघाल्या. पुढे १९९९ च्या अहवालात विद्यापीठाने भेदभाव झाल्याचं मान्य केलं. ‘आम्हाला वाटतं’ म्हटलं की समिती चहा पिते. चौरस फूट सांगितले की खाली ठेवते.

पेट्रीडिश | गुरुवार, रात्री १०.००

मोजणार. शिपाईमामांना सांगून ठेवलं आहे, रविवारी किल्ल्या देतील.

वाशीची_आजी | शुक्रवार, सकाळी ९.१०

नातीने टंकायला शिकवलं आहे, चुका पोटात घाला.

मी मुंबईतल्या एका संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात लागले. आम्हा मुलींना जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनींची गोष्ट तोंडपाठ असायची. १९३३ साली मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. मग अटी घातल्या. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, सांगू तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही. म्हणजे मुलांचं चित्त विचलित झालं तर दोष हिचा. त्यांनी ते वर्ष काढलं. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. केली, पुढे नीरा या ताडाच्या रसावर काम केलं आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. सगळे सांगतात की, बघा, जिद्द असली की होतं. मला वयाच्या पंच्याहत्तरीत वाटतं, जिद्दीचं कौतुक पुरे. ते एक वर्ष त्यांनी नुसतं शास्त्रावर खर्चलं असतं तर?

१९७३ साली मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना सुरू झाली. पुढे वाशीत तिची वास्तू झाली. तिथे नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आहे, पाळणाघर आहे, बालवाडी आहे. वैज्ञानिकांच्या संघटनेने आधी काय बांधावं? दुर्बीण नव्हे, पाळणाघर. तेव्हा लोक हसले. माझी मुलगी मात्र शेजारणीकडे वाढली, कारण सगळी पाळणाघरं सहाला बंद होत आणि माझी बस साडेसहाला पोचे.

तेव्हा बाळ, पाळणाघर लिहिलंस ते ठीक, त्यापुढे वेळ लिही. नुसतं ‘पाळणाघर’ लिहिलंस तर दहा ते पाच देतील.

पेट्रीडिश | शुक्रवार, सकाळी ९.२५

आजी, हे कसं सुटलं माझ्याकडून! ५० किंवा अधिक कर्मचारी असले की कायद्याने पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा जाऊन येता यायला हवं, हे लिहून बसले होते. बंद कधी करायचं, ते लिहिलंच नव्हतं.

कांदेपोहे_बाबा | शुक्रवार, दुपारी १२.४०

माझी बायको शास्त्रज्ञ, मी सरकारी नोकरीत. केंद्रात बापाला १५ दिवसांची रजा मिळते. मी घेतली तेव्हा साहेब म्हणाले, “पंधरा दिवस तुम्ही तिथे करणार काय?” सोळाव्या दिवशी मलाही तोच प्रश्न पडला, कारण खरं काम तेव्हा कुठे सुरू झालं होतं. एवढंच. वाचतोय.

शून्यातली_शून्या | शुक्रवार, रात्री ११.५५

एक मुद्दा अजून कुणी काढलेला नाही. गाइडच त्रास देत असेल तर?

मी तपशील लिहिणार नाही. अंतर्गत समितीकडे गेले होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, तीन महिन्यांत तक्रार करायची, ९० दिवसांत चौकशी पुरी करायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत अशीही तरतूद आहे की, चौकशी चालू असताना त्या माणसाने तक्रारदाराच्या कामाचं मूल्यमापन करू नये, असं समितीला करता येतं. माझ्या बाबतीत ते केलंही. पण मग माझ्या प्रबंधाचं काय? त्या विषयातला दुसरा गाइड संस्थेत नव्हता. आठ महिने मी ‘मार्गदर्शक: रिक्त’ अशी होते. सहामाही अहवालावर सही कुणाची, म्हणून फेलोशिप अडकली. न्याय मिळाला. पैसे मिळाले नाहीत, आणि विषय बदलावा लागला.

प्रत्येक संशोधकाला पहिल्याच दिवशी दुसरा सहमार्गदर्शक कागदोपत्री नेमून द्या, ही माझी मागणी. भांडण झाल्यावर शोधू नका.

निवृत्त_कारकून | शनिवार, सकाळी ६.५०

ताई, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला, झोप लागली नाही. ‘मार्गदर्शक: रिक्त’ हा शेरा मी स्वतः दोन फायलींवर मारलेला आहे. तेव्हा तो फक्त शेरा वाटला होता.

टिंबटिंब | शनिवार, सकाळी ८.००

मी नेहमी नुसती +१ देते. आज लिहिते. मी पीएच.डी. पूर्ण करून नऊ वर्षं घरी होते. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची महिला वैज्ञानिक योजना २००२-०३ पासून आहे, आता वाइज-किरण नावाने चालते. खंड पडलेल्या बायकांसाठीच आहे. तीन वर्षं स्वतःच्या नावाचा प्रकल्प मिळाला, पुन्हा बाकावर बसले. खरंच उभारी आली. तीन वर्षं संपली आणि संस्थेने निरोपसमारंभ केला, शाल, श्रीफळ. कायम जागेसाठी अर्ज केला तर वय गेलेलं. तेव्हा यादीत हेही घाला की, अशा योजनेतून आलेल्यांना पुढच्या भरतीत वयाची अट लावताना खंडाची वर्षं वजा करा. युरोपीय संशोधन परिषद दर मुलामागे आईला १८ महिने धरते. आपण निदान मोजायला तरी सुरुवात करू.

पेट्रीडिश | तीन आठवड्यांनी, सोमवार, रात्री ९.३०

मंडळी, उशीर झाला, क्षमस्व. काय झालं ते सांगते.

रविवारी टेप घेऊन फिरले. माझी आणि आणखी दोघींची प्रयोगशाळा आमच्या बरोबरीच्या पुरुषांपेक्षा लहान निघाली. एकीच्या खोलीतल्या अर्ध्या भिंतीवर तर संस्थेचं जुनं कपाट आहे, ते कुणाचं ते कुणालाच ठाऊक नाही. आकडे टेबलावर ठेवले. बॉस्टनबोरकर, तुम्ही म्हणालात तसंच झालं, कप खाली आले.

नियमावलीत ‘मार्गदर्शकाच्या संमतीने’ अकरा ठिकाणी सापडलं. बैठकीतला पाऊण तास त्या एका शब्दावर गेला. पाळणाघरावर कुणी वाद घातला नाही, पैशावरही फारसा नाही. ‘कळवून’ म्हटल्यावर मात्र एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “म्हणजे आम्ही फक्त ऐकून घ्यायचं?” अकरापैकी चार ठिकाणी बदललं: बाळंतपणाची रजा, घातक रसायनांपासून सूट, रात्रीचं काम आणि अंतर्गत समितीकडे जाणं. बाकीच्या सात ठिकाणी ‘विचाराधीन’.

सहमार्गदर्शक पहिल्या दिवसापासून, मान्य. फील्डच्या दुसऱ्या माणसाचा खर्च, मान्य, आणि रानजाई, तुमचा ‘कुणीही एकटं नाही’ हा शब्दप्रयोग जसाच्या तसा घेतला. तांत्रिक साहाय्यकाचा हात, तत्त्वतः मान्य, म्हणजे कधी ते देव जाणे. पाळणाघर साडेसातपर्यंत लिहिलं होतं, साडेसहावर आले. आजी, मी सातला अडून बसले आहे. वयाची अट आमच्या हातात नाही म्हणून वर पाठवली.

लातूरची_लेक, तुझ्यासाठी मी काही करू शकले नाही. आमच्या समितीच्या कक्षेत ‘संस्थेच्या वेतनपटावरील व फेलो’ एवढेच येतात. लिहायला लाज वाटते आहे, पण खोटं कशाला सांगू.

लातूरची_लेक | सोमवार, रात्री १०.०५

ताई, असू दे. अकरातले चार झाले. मी आज औश्याकडच्या एका आजींकडे जाऊन आले, ९३ वय. तीन तास बोलल्या. फितीवर आहे सगळं.

गाजर_हलवा | सोमवार, रात्री १०.४०

मी बदललेल्या नियमाखाली पहिला अर्ज दिला! ‘कळवून’. गाइड म्हणाले, “अगं, मी नाही म्हटलं असतं का?” म्हटलं नसतं, खरंच. तरी कागद हातात असताना बोलायला वेगळंच वाटलं.

पेट्रीडिशताई, एक राहिलं. रजेवरून परत आल्यावर काढून ठेवलेलं दूध कुठे ठेवायचं? लॅबच्या फ्रिजमध्ये जिवाणू असतात आणि कँटीनच्या फ्रिजमध्ये भैयाचं दही.

पेट्रीडिश | सोमवार, रात्री १०.५२

ते झालं ना! सांगायचं विसरले. छोटा फ्रिज आणि कडी लागणारी खोली, दोन्ही मंजूर. फ्रिज आलाही, ‘कार्यालयीन उपकरणे’ या शीर्षाखाली.

गाजर_हलवा | सोमवार, रात्री १०.५४

वा! किल्ली कुणाकडे?

पेट्रीडिश | सोमवार, रात्री १०.५५

भांडार विभागात. साडेपाचला बंद होतो. उद्या सकाळी जाते.